शिरीषाची जागा

बरणीच्या तळाशी गाळाची एक रेघ बसली होती. वाढलेल्या नखाच्या पांढऱ्या कडेइतकी जाड, तपकिरी, एका बाजूला किंचित जास्त. खिडकीच्या फळीवर एकाच मापाच्या सहा बरण्या ओळीने मांडल्या होत्या. पहिल्या पाचांमधलं पाणी इतकं स्वच्छ होतं की त्यांच्या मागची भिंतीतली भेग आरपार दिसत होती. सहावी आज सकाळची होती.

सुनेने बरणीला हात लावला नाही. हलली असती तर गाळ पुन्हा पाण्यात मिसळला असता. तिने नवऱ्याला हाक मारली. तो दारात बसून फावड्याचा दांडा घासत होता. आत येऊन त्याने वाकून पाहिलं.

"पाऊस आहे. भरताना वरचं पाणी उडालं असेल."

"झाकण लावून आणली."

"हात मातीचे असतील."

"तीनदा धुतले."

तो सरळ झाला. बायको तीनदा म्हणाली म्हणजे तीनदाच, हे त्याला माहीत होतं. त्याने दाराबाहेर पाहिलं. अंगणापलीकडे त्याचे वडील डोक्यावर पोतं घेऊन पावसातच रोपांच्या पिशव्या मोजत होते.

"बाबांना एवढ्यात सांगू नकोस," तो म्हणाला.

"ते विचारतात रोज."

"आकडा विचारतात. आकडा सांग."

आकडा म्हणजे बादली भरायला लागणारे अंक. मातीच्या बांधाच्या पायथ्याशी जो पाझर निघायचा, तो दगडी गटारीतून एका पाइपाच्या तोंडाशी येत होता. सून रोज सकाळी पाइपाखाली बादली लावायची, एका लयीत मोजायची आणि त्याच पाण्याची एक बरणी भरून आणायची. बांध नवा होता तेव्हापासून बादली नव्वद अंकांना भरत होती. ऐंशीच्या वर आणि शंभरच्या आत, असं चाललं होतं. आज एक्याऐंशी आले होते. एक्याऐंशीची तिला भीती नव्हती. तळं काठोकाठ होतं, पाझर वाढणारच. भीती होती ती रेघेची. मातीच्या बांधातून स्वच्छ पाणी येतं तोवर बांध फक्त घाम गाळत असतो. गढूळ पाणी आलं, म्हणजे ते आतून बांधाचीच माती घेऊन येतंय.

दहा वर्षांपूर्वी डोंगरावर एवढं पाणी थांबेल असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. हसलेही होते. डोंगर उघडा पडला होता, प्रत्येक पावसात त्याची माती घरांच्या उंबऱ्यापर्यंत यायची, आणि उन्हाळ्यात विहिरीत दोर कमी पडायचा. तेव्हा तिच्या सासऱ्यांनी दारोदार जाऊन चौसष्ट घरांकडून दर शनिवारी एक माणूस मागितला. उतारावर आडवे चर खणले, ओहोळांत दगड रचले, रोपं लावली, आणि शेवटी दरीच्या तोंडाशी हा बांध घातला. गाव त्यांना थोरले म्हणू लागलं ते तेव्हापासून.

थोरल्यांचे नियम दोनच होते. डोंगरावरचं जिवंत झाड कोणत्याही कारणाने तोडायचं नाही. आणि कोणताही निर्णय प्रत्येक घराने तोंडाने सांगायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "हात नको," ते म्हणायचे. "हात शेजाऱ्याकडे बघून वर जातो." एक घर जरी गप्प राहिलं तरी काम पुढे सरकत नसे. कधी कधी एका चरासाठी अख्खा दिवस जायचा. पण ठरलेलं मोडल्याचं एकही उदाहरण नव्हतं.

बांधाच्या रेषेत एक शिरीष उभा होता. त्या उतारावर उरलेलं ते एकच मोठं झाड. पाटबंधारे खात्याचा साहेब म्हणाला होता, मुळासकट काढा, नाहीतर रेषा बदला. रेषा बदलायला जागा नव्हती. चौसष्ट घरांनी एकेक करून सांगितलं, झाड राहू दे. मग बुंध्याभोवती माती टाकली, बैल फिरवले, जड धुमसाने ठोकून घट्ट केली. छातीएवढी, मग डोक्याच्याही वर. शिरीष दोन वर्षं पालवला. तिसऱ्या वर्षी वाळला. वाळल्यावर तो बांधाच्या माथ्यालगत कापला, वर चार पाट्या माती पसरली आणि गवत लावलं. आता तिथे नुसता उंचवटा होता. दमलेली माणसं त्यावर टेकायची. त्या जागेला अजून शिरीषच म्हणत.

संध्याकाळी हात धुताना थोरल्यांनी विचारलं, "सूनबाई, आज किती?"

"एक्याऐंशी."

"तळं भरलंय. वाढणारच."

नवऱ्याने पाट सरकवताना तिच्याकडे पाहिलं. ती पाण्याचा तांब्या धरून उभी होती.

"पाणी गढूळ येतंय, मामंजी. थोडं."

थोरल्यांनी हात पुसले. बोटं एकेक करून, सावकाश. "तू आकडा सांगत जा," ते म्हणाले. "अर्थ आम्ही लावू."

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी अडुसष्ट आले. बरणीतली रेघ करंगळीच्या पेराएवढी झाली. सुनेने कुणाला विचारलं नाही. ती सरळ कंडक्टरच्या घरी गेली. तो पूर्वी बसवर होता. आता बैठकीत घरं पुकारायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने बरणी उजेडात धरली आणि छत्री घेतली.

दोन तासांत चाळीस माणसं पायथ्याशी जमली. काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबाने एकदा शिकवलं होतं. पाझराच्या तोंडावर आधी वाळू, वर बारीक खडी, वर मोठे दगड. पाणी अडवायचं नाही, त्याच्या हातातली माती तेवढी काढून घ्यायची. ओढ्यापासून पायथ्यापर्यंत माणसांची रांग लागली आणि पाट्या हातोहात येऊ लागल्या.

"पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे," कंडक्टर पावसात ओरडत होता.

"सुट्टे नाहीत माझ्याकडे," लोहाराची बायको म्हणाली आणि ओल्या वाळूची पाटी त्याच्या हातात आदळली. लोक हसले. वरच्या बाजूला उभ्या लोहाराला काय झालं ते कळलं नाही. घणाखाली त्याचे कान केव्हाच गेले होते. तो इतरांकडे बघून हसला.

सून वाळूचा थर हाताने सारखा करत होती. वाळूखालून येणारं पाणी बोटांना थंड लागत होतं, आणि थरथरतं. तिने मान वर केली. समोर बांध उभा होता, तीन पुरुष उंच, हिरवा, शांत. त्याच्या पलीकडे तळं होतं. ते इथून दिसत नव्हतं, हेच तिला सारखं जाणवत होतं. इतकं पाणी आणि दिसत होतं मात्र गवत.

शेजारी तिची नणंद पाटी रिकामी करत होती. तिचं घर बांधाखालच्या अकरा घरांत पहिलं. अंगणातून बांध असा दिसायचा, जसं खोलीतून समोरची भिंत.

"वन्सं," सून हळूच म्हणाली, "चार दिवस वर येऊन राहा. तुमच्या सासूबाईंना उचलून आणू."

"त्यांना कूस बदलायला दोन माणसं लागतात, वहिनी. पावसात कुठे नाचवू?"

"माझ्या खोलीत झोपवू."

"बाबा म्हणाले का?"

सून वाळूच सारखी करत राहिली.

"मग?" नणंद सहज म्हणाली. "बाबांनी बांधलाय तो. ते म्हणाले निघ, तर भांडी तिथेच टाकून निघेन." तिने रिकामी पाटी डोक्यावर पालथी घातली. पावसाचे थेंब पाटीवर ताडताड वाजू लागले. "तू लहानपणापासून अशीच घाबरट का गं? का आमच्या घरात येऊन झालीस?"

खात्याच्या साहेबाला नवऱ्याने तीनदा फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. रस्त्यावर पाणी होतं, साहेब गुरुवारी निघणार होते. सांडव्यावर तळ्याची पातळी वाढवायला ज्या फळ्या लावल्या होत्या त्या काढा, म्हणाले. जास्तीचं पाणी जायची ती दगडी वाट बांधाच्या दुसऱ्या टोकाला, खडकात होती. फळ्या दुपारीच काढल्या. पाणी दोन वीत उतरलं आणि पावसाने संध्याकाळपर्यंत दीड वीत भरून काढलं.

"आणखी उतरवायचं तर?" रात्री पुन्हा फोन लागला तेव्हा सुनेने नवऱ्याला विचारायला लावलं.

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. "सांडव्याचं जोतं फोडायचं, म्हणाले. खाली खडकापर्यंत. पाणी बाजूच्या घळीने जाईल, घरांकडे येणार नाही." तो थांबला. "तळं रिकामं होईल. आणि घळीच्या तोंडाशी काय आहे तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. तिथे रोपवाटिका होती. बायकांनी दोन वर्षं वाढवलेली रोपं, तिच्याच हातची वही, तिनेच पाडलेले वाफे.

"बाबांना कोण सांगणार?" नवरा म्हणाला.

दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. थोरले त्या दिवशी पायथ्याशी आले होते. त्यांनी स्वतः बारा पाट्या वाहिल्या होत्या, कुणी नको म्हटलं तरी. आता ते भिंतीला टेकून बसले होते आणि गुडघे चोळत होते. बोटांची कातडी पाण्याने पांढरी पडली होती.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला. सुनेने बादली लावली आणि मोजू लागली. अडुसष्ट गेले, सत्तर गेले, ऐंशी गेले. बादली पंच्याण्णवला भरली. तिने पुन्हा लावली. पुन्हा पंच्याण्णव. बरणीतही गाळ नव्हता.

आकडा तिच्या आधी गावात पोचला. वाळू पाहायला आलेल्या कुणीतरी ऐकला आणि तिथूनच वर ओरडून सांगितला. कंडक्टरने चहा ठेवायला लावला. थोरले काठी टेकत आले, त्यांनी खडीवर हात ठेवला आणि सुनेकडे पाहिलं. हसले. कितीतरी दिवसांनी त्यांचे वरचे दोन दात दिसले.

"बघ," ते म्हणाले. "उगीच पोटात गोळा आणलास सगळ्यांच्या."

सून हसली नाही. तळं कालपेक्षा उतरलं नव्हतं. वाळू पाणी अडवत नाही. मग पाझर कमी झाला तो गेला कुठे, हा प्रश्न तिच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला होता. लोक चहाकडे वळले आणि ती बांधाच्या पायथ्याने चालू लागली. एकेक पाऊल, पायताण काढून. गवत भिजलेलं होतं पण गार नव्हतं, ऊन पडलं होतं. चाळीसाव्या पावलाला पायाखालचं गवत गार लागलं.

ती खाली बसली. गवत बाजूला केलं. वाटीएवढ्या जागेत बारीक वाळू वर-खाली नाचत होती, चहाच्या आधणासारखी, आवाज न करता. भोवती मऊ मातीचं कडं साचलं होतं. तिने बोटं घातली. कोपरापर्यंत हात आत गेला आणि आणखी जात होता. पाणी बोटं ढकलत होतं. बोटांना काहीतरी चिकटलं, ते तिने बाहेर काढलं.

सालीचा तुकडा होता. बोटाएवढा, नळीसारखा वळलेला. आतलं लाकूड गेलेलं, नुसती साल उरलेली. बाहेरून काळी. तिने नखाने खरवडली. आतून लालसर निघाली.

ती तशीच बसून राहिली. वीस अंक मोजण्याइतका वेळ. मग ती उठली आणि नवऱ्याकडे गेली. त्याच्या हातात कप होता. तिने साल त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने ओळखली. धुमसाने तीच माती त्याने ठोकली होती, त्याच बुंध्याभोवती. कप दगडावर ठेवून तो धावत बांधावर चढला, ती मागोमाग. उंचवट्याच्या जागी आता उंचवटा नव्हता. गवत तसंच होतं, पण मधोमध परातीएवढा खोलगट भाग झाला होता. नवऱ्याने पाय टेकवला. पाय घोट्यापर्यंत आत गेला. त्याने तो काढून घेतला, तेव्हा खालून कुठूनतरी पाणी वाहिल्याचा आवाज आला, घरात कुणी दुसऱ्या खोलीत नळ सोडावा तसा.

"कंडक्टरला सांग," तो म्हणाला. "घरं बोलाव."

अर्ध्या तासात चौसष्ट घरं बांधाच्या टोकाला, खडकाच्या बाजूला उभी राहिली. बांधावर कुणाला जाऊ दिलं नाही. लोहार पहारींची मोळी घेऊन सांडव्याजवळ सर्वांत लांब थांबला होता. कंडक्टरने काय झालं ते सांगितलं. सालीचा तुकडा हातोहात फिरला. एका म्हाताऱ्याने तो नाकाला लावून हुंगला आणि पुढे दिला.

"खालची घरं आधी," कंडक्टर म्हणाला. "सांडवा फोडायचा की नाही. मोठ्याने."

पहिलं घर नणंदेचं. तिने बापाकडे पाहिलं. "बाबा म्हणतील ते आमचं."

"असं चालत नाही, ताई. आपापलं सांगायचं."

"आमचं तेच आहे."

दुसऱ्या घराने तेच सांगितलं. तिसऱ्यानेही. सातव्यापर्यंत आल्यावर कंडक्टर पुकारायचा थांबला. तो थोरल्यांकडे वळला. सगळेच वळले.

थोरले उभे नव्हते. बांधाकडे तोंड करून ते खडकावर बसले होते. काठी दोन्ही हातांत आडवी धरलेली. तळ्यावर ऊन होतं, पाणी निळं आणि सपाट दिसत होतं. पलीकडच्या उतारावर चौथ्या वर्षाची झाडं माणसापेक्षा उंच झाली होती. खाली कुणाची तरी शेळी ओरडली.

"सूनबाई," थोरले म्हणाले, "आज आकडा किती?"

"पंच्याण्णव."

"चांगला आहे."

"हो."

त्यांनी मान वळवली. "अर्थ सांग."

सून जवळ गेली. त्यांच्या बरोबरीने बोलता यावं म्हणून ती उकिडवी बसली. "शिरीष आत कुजलाय, मामंजी. मुळं पोकळ झालीत. एकेक मूळ म्हणजे एकेक नळी. पाणी पाइपाकडे यायचं सोडून त्या नळीने जातंय. म्हणून आकडा चांगला आला. जाताना ते माती नेतंय, आणि वाट मोठी होतेय."

"किती वेळ आहे?"

"ते मला मोजता येत नाही."

थोरल्यांनी काठीवरून अंगठा फिरवला. "घळीने गेलं तर रोपवाटिका जाईल."

"जाईल."

"किती रोपं?"

"अकरा हजार चारशे."

"सगळी तुझ्या हातची."

"सगळ्याजणींच्या."

"साहेब म्हणाला होता मुळासकट काढा," थोरले म्हणाले. मग, "झाड मी ठेवलं."

"काय म्हणाले?" लांबून लोहाराने विचारलं. कानामागे हात धरून तो वाकला होता. सगळे जमिनीकडे बघत होते.

थोरले काठीवर जोर देऊन उठले. गुडघा पहिल्यांदा सरळ झाला नाही. मुलगा पुढे आला, त्याचा हात त्यांनी बाजूला केला. मग ते लोहाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "झाड मी ठेवलं. तुम्ही माझ्याकडे बघून बोललात."

लोहाराने मान हलवली. ऐकू आल्याची.

"आज कुणी माझ्याकडे बघायचं नाही," थोरले म्हणाले. "आमच्या घराचं सूनबाई सांगेल. तिने मोजलंय."

कंडक्टरने सवयीने पुकारलं, "थोरल्यांचं घर."

सून उठली. इतकी वर्षं ती या बैठकांना वही घेऊन मागे बसत आली होती. तिने पलीकडे पाहिलं. अकरा घरांची छपरं खाली उन्हात वाफाळत होती. पहिल्या घराच्या अंगणात दोरीवर म्हातारीची चादर वाळत घातली होती. नणंद तिच्याकडे बघत होती. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

"खालची घरं रिकामी करा," सून म्हणाली. "वन्संच्या सासूबाईंना बाजेसकट उचला, आधी त्यांना. मग सांडवा फोडा."

"ऐकू नाही आलं," लोहार म्हणाला.

तिने श्वास घेतला आणि दरीच्या त्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा ओरडून सांगितलं, "फोडा."